मुद्देमालाची राखण

नाव: म्हाळू गेणबा टकले. राहणार: कवठे येमाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. वय: अंदाजे पन्नास (अंदाज कार्यालयाचा, इसमाचा स्वतःचा काही अंदाज नाही). पद: अंशकालीन पाणक्या. शिक्षण: निरंक. बांधा: मध्यम, किंचित पुढे झुकलेला. ओळखीची खूण: डाव्या खांद्यावर काळे घोंगडे, बारमाही. व्यसन: तंबाखू, माफक. कर्तव्ये: ठाण्यातील माठ, टाकी व संडासाची बादली भरणे. सदर इसमाच्या ताब्यात अन्य कोणतीही शासकीय जबाबदारी नाही.

यातलं शेवटचं वाक्य २००६ सालच्या जानेवारीपर्यंत खरं होतं.

नगर रस्त्याच्या कडेच्या त्या पोलीस ठाण्यात पाणक्याचं पद इंग्रजांच्या काळापासून होतं. नळ आल्यावर ते रद्द व्हायचं. पण नळ आला आणि पाणी आलं नाही, म्हणून पद टिकलं. म्हाळू सकाळी टँकरपाशी उभा राही, हंडे वाही, माठ भरी आणि उरलेल्या वेळात व्हरांड्यात खांबासारखा बसे. त्याच्याकडे कोणी काही सोपवत नसे. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं कारणही ठाऊक होतं.

म्हाळू धनगर. तरुणपणी तो राखण घ्यायचा. म्हणजे गावातल्या बागायतदारांची मेंढरं आपल्या कळपात सामील करून घ्यायची आणि सुगी झाली की भीमा ओलांडून दौंडच्या रानात चारायला न्यायची. राखणीचा कायदा कुठं छापलेला नव्हता, तरी कोणत्याही छापील कायद्याहून कडक होता. लोकर राखणदाराची. रानात कोकरू झालं तर ते मालकाला सांगायचं. न सांगितलं तर ती चोरी. आणि मेंढरू मेलं तर त्याचा कान कापून ठेवायचा आणि परतल्यावर मालकासमोर टाकायचा. कान नसला तर मेंढरू मेलं नाही, विकलं.

एका साली सर्जेरावआबांची मेंढरं त्याच्याकडे होती. सर्जेरावआबा म्हणजे सोसायटीचे चेअरमन, पंचक्रोशीतलं वजनदार माणूस. यवतच्या अलीकडे एका रानात काढलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना अवकाळी पावसानं कोवळे फुटवे आले होते. तो फुटवा विषारी असतो. म्हाळू हाकारे देत धावेपर्यंत आबांची निम्मी मेंढरं लुळी पडली होती. उरलेली जित्राबं वाचवायला तो त्यांना हायवेपार हाकत गेला आणि परत आला तर रान मोकळं. मेलेली मेंढरं कोणी उचलली ते देवाला आणि जवळच्या ढाब्यांना ठाऊक. म्हाळूच्या हातात एकही कान नव्हता.

आबांनी मारलं नाही, फिर्याद केली नाही. पारावर एवढंच म्हणाले, "कान न्हाईत व्हय? बरं." त्यानंतर म्हाळूकडं कोणी राखण दिली नाही.

जानेवारीत सणसवाडीच्या एका वायरमननं तक्रार केली की एका भाड्याच्या खोलीत पिठाच्या गिरणीएवढी वीज जाते आणि पीठ काही बाहेर येत नाही. हवालदार हौसराव वीजचोरी पकडायला गेले. कुलूप तोडलं. आत भिंतींना चांदीचा कागद, वर ट्यूबलाइटांची रांग आणि त्या उजेडात नऊ झाडं, माणसाच्या कमरेएवढी, हिरवीगार, पंज्यासारखी पानं पसरून स्वस्थ उभी. बाहेर कारखान्यांची धूळ, तिसऱ्या पाळीचा भोंगा, आत रान. हौसरावांनी पायातले बूट काढले. का काढले, हे त्यांना पुढं कधीच सांगता आलं नाही. पंचनाम्यात ते आलेलं नाही.

झाडं गांजाची होती. खोली सत्यजीतची, सर्जेरावआबांच्या पुतण्याची. आबांनी त्याला गुलाबशेती शिकायला हॉलंडला पाठवलं होतं. तो सगळं तंत्र शिकून आला आणि त्यानं ते गुलाब सोडून बाकी सगळ्याला वापरलं.

झाडं, ट्यूबलाइट, चांदीचा कागद असा सगळा मुद्देमाल ठाण्यात आला. पानं तपासणीला गेली. उत्तर आलं की नमुन्यात फुलोरा नाही, सबब मत देता येत नाही. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे फुलोरा. नुसत्या पानांवर वकील तासभर बोलू शकतो आणि आबांचा वकील दोन तास बोलला. शेवटी कोर्टानं आदेश दिला, की पुढील हुकूम होईपर्यंत मुद्देमाल 'जैसे थे' ठेवावा.

हौसरावांनी तो कागद तीनदा वाचला. निवृत्तीला त्यांचं एकच वर्ष उरलं होतं.

"जैसे थे म्हंजी काय वो, हवालदार?" म्हाळूनं विचारलं.

"हाय तसं. मरू द्यायचं न्हाई, वाढू द्यायचं न्हाई."

"झाड कवा हाय तसं ऱ्हातंय का?"

"ते कोर्टाला इचार. मला इचारू नगं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "म्हाळबा, एक जरी वाळलं तर म्हणतील, हौसरावानं इकून खाल्लं. तू पाण्याचा माणूस हायस. आजपासून ही नऊ तुझ्या राखणीत."

हा शब्द हौसराव सहज बोलून गेले. म्हाळू मात्र उभा राहिला. ज्वारीच्या त्या रानानंतर पहिल्यांदाच कोणी त्याच्याजवळ हा शब्द उच्चारला होता. तो तंबाखू थुंकून आला, चूळ भरली आणि मुद्देमालाच्या खोलीत गेला.

खोलीत मोडक्या सायकली, मारामारीतल्या काठ्या, बेवारस बॅगा, आणि मधोमध ते नऊ जण. झाडं मातीच्या कुंड्यांत नव्हती. जाड, करड्या कापडाच्या शिवलेल्या पिशव्या होत्या, दोन्ही बाजूंना धरायला बंद. म्हाळूनं बोट लावलं. कापड घोंगड्यासारखं दाट होतं.

त्यानं बादली आणली आणि माठात ओततात तसं ओतलं. पाणी कोरड्या मातीवरून घरंगळलं, कडेनं कापडातून बाहेर आलं, फरशीवरून वाहत गेलं आणि कलम तीनशे चोवीसच्या काठ्या भिजवून दाराबाहेर निघालं. पिशवी आत कोरडी ठाक.

दारात कोणीतरी हसलं. सत्यजीत होता. जामिनावर सुटल्यापासून त्याला दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावावी लागे.

"मामा, झाडाला पाजताय का फरशीला?"

"तुमीच सांगा आता, सत्यजीतराव. झाडं तुमची."

"माझी न्हाईत. माझी म्हटलं तर केस पक्की झाली ना," सत्यजीत म्हणाला, वकिलानं त्याला इतकं शिकवलं होतं. पण झाडांकडं बघून त्याचा चेहरा मऊ झाला. तो उकिडवा बसला आणि तांब्या मागितला. "माती पार वाळली की पाणी धरत न्हाई. आधी जरा ओलवायची. गप बसायचं. परत जरा. कडेकडेनं, गोल. खालनं थेंब सुटला की बास. आन् परत पाजायच्या आधी पिशवी उचलून बघायची. हलकी लागली तरच. भरलेलीला पाजलं तर मूळ गुदमरतं."

"आन् कापड कशाला? मातीची कुंडी का नगं?"

"मातीच्या कुंडीत मुळी भिंतीला लागली की गोल फिरत बसते, गाढवासारखी. कापडाला लागली की तिला हवा लागते. मग थांबते, आन् मागनं नव्या मुळ्या फोडते."

आरोपी आणि पाणक्या मुद्देमालासमोर उकिडवे बसून तांब्यातांब्यानं पाणी घालत होते. हौसरावांनी दारातून पाहिलं आणि दार ओढून घेतलं. हे कोणत्या कलमात बसतं ते त्यांना आठवेना.

म्हाळूला ते तंत्र लवकर उमगलं, कारण त्यातलं निम्मं त्याच्या हातांना आधीच येत होतं. कोकरू आईला प्यालं की नाही हे धनगर पोटाकडं बघून ठरवत नाही. दोन्ही हातांनी उचलतो आणि खाली ठेवतो. आता तो रोज नऊ पिशव्या बंदाला धरून उचली. हलकी असेल तिला पाजी, जड असेल तिच्या पानांवरून नुसता हात फिरवी. खालचं कापड ओलं होऊन काळसर पडे आणि तो काळेपणा हळूहळू वर चढे, संध्याकाळी डोंगरावर सावली चढावी तसा. मान टाकलेली पानं थोड्या वेळात उठत. एकामागून एक. आवाज न करता. म्हाळूनं इतकी वर्षं पाणी वाहिलं होतं. पाणी पोचलेलं मात्र त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

एका सकाळी पिशवीच्या कापडातून पांढऱ्या केसांसारखी मुळ्यांची टोकं बाहेर डोकावलेली दिसली. दुपारी हवेनं ती वाळून थांबली होती. त्यानं ते हौसरावांना दाखवलं. दोघं बराच वेळ वाकून बघत राहिले.

"हिला कोण सांगत आसंल वो, हितनं फुडं जायचं न्हाई म्हून?"

"आपल्याला सांगून कळत न्हाई," हौसराव म्हणाले, "आन् हिला न सांगता कळतंय."

एक पिशवी शिवणीत उसवली तेव्हा म्हाळूनं घरून घोंगड्याचा तुकडा आणून लोकरीच्या दोऱ्यानं ठिगळ मारलं. त्याची बायको रतनबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "घरात रांजण कोरडा. सून येशीपातूर हंडा घिऊन जातीया. आन् आमचं हे गांजाला घोंगडं पांघराय निघाल्यात!"

"सरकारी हाय ते."

"सरकारी हाय तर सरकारला म्हनावं, ये आन् पाज."

उन्हाळा चढला. टँकर दिवसाआड आला, मग आठवड्यातून दोनदा. म्हाळू शिपायांच्या हात धुण्याचं पाणी घमेल्यात धरू लागला. तेवढ्यात एका दुपारी सर्जेरावआबा ठाण्यात आले. हौसराव बंदोबस्ताला गेले होते. आबा व्हरांड्यात बसले आणि म्हाळूकडं न बघता बोलू लागले.

"म्हाळू, यंदा पान्याचं लईच हाल हायती."

"व्हय आबा."

"मानसाला न्हाई तिथं झाडाला कुठनं आनायचं? वाळली तर कोन काय म्हननार हाय? उन्हाळाच हाय." ते थांबले. "फूल आलं न्हाई तर पोरगं सुटतंय, वकील म्हनतो. पोरगं हाय, चुकलं. आन् औंदा माझी मेंढरं राखनीला द्यायची हायती. मानूस बघतोय."

म्हाळूच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आबांची राखण. पारावरून, सगळ्यांच्या देखत त्याच्या हाती दिलेली मेंढरं. हे तो इतकी वर्षं झोपेत बघत होता. आणि त्यासाठी काही करायचंसुद्धा नव्हतं. फक्त काही न करता बसायचं होतं.

"आबा," तो म्हणाला, "ही बी राखनीतलीच हायती."

आबा उठले, धोतर झटकलं आणि निघून गेले. म्हाळूनं त्या दिवशी आपल्या वाटणीचं प्यायचं पाणी तिसऱ्या पिशवीला घातलं; ती हलकी लागत होती.

मग भारनियमन सुरू झालं. सणसवाडीच्या खोलीत सापडल्या तशा ट्यूबलाइट ठाण्यातही पेटत्याच ठेवल्या होत्या, कारण 'जैसे थे'. आता वीज अर्धा दिवस जाऊ लागली. खोलीत लांबच लांब अंधार. म्हाळूला वाटलं, झाडं दगावणार. झालं भलतंच. शेंड्यांवर पांढरे तंतू फुटले, मग तुरे धरले, तुऱ्यांवर दव पडल्यासारखी चिकट चमक. खोलीचं दार उघडलं की वासाची लाट अंगावर येई. फिर्याद द्यायला आलेली माणसं फिर्याद विसरत. रस्त्यावरून जाणारा एक बैरागी ठाण्याच्या फाटकाशी थांबला, डोळे मिटून हात जोडले आणि पुढं गेला.

"अंधार जास्त झाला की हे झाड फुलतं," सत्यजीत पुढच्या सोमवारी दारातूनच म्हणाला. त्या फुलांनी आपण अडकलो, हे त्याला कळत होतं. पण त्याची नजर हलत नव्हती. "मामा, हॉलंडमध्ये पण असं बघितलं न्हाई मी." मग एका झाडाकडं बोट केलं. त्याला तुरा नव्हता, बारीक घुंगरांसारखे घोस लटकले होते. "हा नर हाय. उपटून टाका. ह्याची धूळ उडाली की सगळ्यांना बी धरतं."

"म्हंजी एडका."

"व्हय, एडका म्हणा."

म्हाळू हसला. "एडक्याबिगर कळप असतोय व्हय, सत्यजीतराव?" आणि त्यानं त्या झाडालाही पाणी घातलं.

चूक इथं झाली. दुसरा कोणी असता तर आरोपीचं ऐकून मोकळा झाला असता. पण कळपातला एडका काढायचा हे धनगराच्या हाताला जमणारं नव्हतं. एका सकाळी दार उघडल्याच्या झुळकीसरशी त्या घोसांतून पिवळी धूळ उडाली आणि कवडशात तरंगत राहिली. मग तुऱ्यांत बी भरलं. बी पिकलं, मातीवर पडलं, माती रोज ओली होतीच. मे संपता संपता नऊ पिशव्यांत मोठ्या झाडांच्या बुडाशी दोन-दोन पानांची पिल्लं उभी राहिली, टोपरं घातल्यासारखी, डोक्यावर बियांची टरफलं घेऊन.

म्हाळू ती बघत फरशीवरच बसला. चोरीचे हंडे, मोडक्या सायकली आणि उजाड उन्हाळा यांच्या मधोमध जन्म झाला होता.

हौसराव मात्र मटकन खुर्चीत बसले.

"पंचनाम्यात नऊ हायती, म्हाळबा! उद्या तारखेला कोर्टानं मुद्देमाल मागवलाय. तिथं पन्नास निघाली तर म्हनतील, ठाण्यातच लागवड केली. मी आरोपी, तू आरोपी. उपट ती. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई वो हवालदार."

"न्हाई म्हंजी?"

"कोकरं झाली की मालकाला सांगायची. दडवायची न्हाईत. मागं माझ्याकडं कान नव्हता. आता कोकरं हायती. ती बी मारून टाकू व्हय?"

हौसराव त्याच्याकडं बघत राहिले. निवृत्तीवेतन, पंचनामा आणि समोरचा हा माणूस असं काहीतरी त्यांनी मनात तोललं असावं. मग ते उठले, खोलीत गेले, वाकून एका पिल्लावरचं टरफल बोटाच्या नखानं अलगद काढलं. "अडकलं हुतं," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी नऊ झाडं टेंपोत उभी करून कोर्टात नेली. म्हाळू मधोमध, दोन्ही हात पसरून, घाटात कळप सांभाळावा तसा. वाऱ्यानं पानं हलत होती. रस्त्याकडेची माणसं कामं सोडून बघत होती. एका म्हातारीनं, देवाची पालखी समजून की काय, पदर पसरून नमस्कार केला.

झाडं कोर्टासमोर ओळीत ठेवली गेली. न्यायाधीश खाली उतरून आले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. काही क्षण कोणीच बोललं नाही. आबांचा वकीलही नाही, आणि ते नोंद घेण्याजोगं होतं.

"पंचनाम्यात नऊ झाडं आहेत," न्यायाधीश म्हणाले. "किती आणलीत?"

हौसरावांनी घसा साफ केला. ते बोलायच्या आधीच म्हाळू पुढं झाला.

"साहेब, तुमची नऊ. नऊच्या नऊ जित्ती हायती, मोजून घ्या. आन् माझ्या राखनीत ही पोरं झाली. ती बी तुमचीच. म्या एक बी ठिवलं न्हाई."

"आदेश जैसे थे ठेवण्याचा होता."

"व्हय साहेब. पर पानी घातलं की त्यांना जैसे थे ऱ्हाता येत न्हाई."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. ते वाकले, घोंगड्याचं ठिगळ लावलेली पिशवी बंदाला धरून किंचित उचलली, परत ठेवली. मग लेखनिकाला सांगितलं: झाडे नऊ, जिवंत, फुलोऱ्यासह, सोबत त्यांची नैसर्गिक वाढ, राखण करणाऱ्याविरुद्ध तक्रार नाही. नमुने घ्यावेत, उरलेला मुद्देमाल नष्ट करावा. हौसरावांनी भिंतीला हात टेकून श्वास सोडला. खटला पुढं पुण्याला गेला.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली सर्जेरावआबा उभे होते. त्या फुलोऱ्यानं त्यांचा पुतण्या अडकला होता आणि ते म्हाळूकडं चालत आले. हौसराव मध्ये पडायच्या बेतात होते. आबांनी म्हाळूला नीट न्याहाळलं.

"म्हाळू, ती मेंढरं मेलीच हुती व्हय रं?"

"व्हय आबा."

"बरं," आबा म्हणाले. आजूबाजूला कवठ्याची बरीच माणसं होती. आबांनी ते जरा मोठ्यानं म्हटलं. "मेलीच हुती ती. इकली न्हाईत यानं." आणि गाडीत बसून निघून गेले.

नाश करण्याचा दिवस आला. खड्डा खणला गेला, पंच आले. म्हाळू सकाळपासून पिशव्या उचलून बघत होता. हलकी लागेल तिला पाजत होता. हौसराव म्हणाले, "आरं, घटकाभरानं जाळायचीत. आता कशाला?"

"तहानलेलं कसं धाडायचं, हवालदार?"

नाश-पंचनाम्यात नोंद आहे, की सदर मुद्देमाल ठाण्याच्या मागील मोकळ्या जागेत, आम्हां पंचांसमक्ष, रॉकेल ओतून मुळासकट व बियांसकट पूर्णपणे भस्मसात करण्यात आला व राख मातीत मिसळण्यात आली.

रॉकेल जळालं. झाडं ओली होती.